न उकळलेला स्वेटर

कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिला निरोप लाँड्रीत यायचा, नातेवाइकांना नंतर. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घर रडत असायचं आणि त्या रडण्यातच कुणीतरी गेलेल्याचे कपडे गोळा करत असायचं. अंगावरचे, दोरीवरचे, पलंगाखाली पडलेला मोजा, उशीचा अभ्रा, कोटाच्या खिशातला रुमाल. तेवढ्यात दारावर थाप पडायची आणि बाहेरून एक मुलगी म्हणायची, "मी लाँड्रीतली. कपडे न्यायला आलेय." तो आवाज ऐकला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडायचा.

ही मुलगी म्हणजे चिमटी. खरं नाव कागदोपत्री असेल काहीतरी, पण कपडे वाळत घालताना लाकडी चिमटे ओठांत धरायची म्हणून चिमटी. आत्या म्हणायची, तेवढाच वेळ लाँड्रीत शांतता असते. एरवी पोरीच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. गिऱ्हाईक, शेजारी, ओल्या चादरी, कुणाशीही बोलायची. आई मागे भट्टीपाशी, आत्या पुढे इस्त्रीच्या टेबलापाशी, दादा हातगाडी घेऊन बाहेर, आणि ही दोऱ्यांखालून वाकत वाकत सगळ्यांच्या मध्ये बडबडत फिरणार. हळू बोल गं जरा, असं आई दिवसातून कितीदा तरी म्हणायची आणि ते चिमटीच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघून जायचं.

आता कपड्यांची एवढी घाई कशाला, तर वरच्यामुळे. शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर तो राहायचा, म्हणून वरचा. म्हातारी माणसं सांगायची की पूर्वी तो एका दुकानात गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकांच्या नकला झकास करायचा. त्यातून पुढे त्याच्या हाती हे कसं लागलं, देव जाणे. कुणाचाही अंगावर घातलेला, न धुतलेला कपडा त्याने चढवला की त्या माणसाचा आवाज त्याचा व्हायचा. नक्कल नाही हो, आवाजच. तोच खोकला, तेच हसणं, रोजची तोंडातली वाक्यंसुद्धा. कपड्यातला वास उडेपर्यंत आवाज टिकायचा. मग तो तुमच्या दाराशी यायचा आणि हाक मारायचा.

आवाज ऐकून आपल्या हाताने कडी काढली की संपलं. माणूस उठून त्याच्या मागोमाग निघायचा. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. दार फोडून तो शिरला असता तर त्याचं काही चाललं नसतं. नुसत्या थापेला कुणी दार उघडलं असतं, तर समोर एक टकला, दमलेला माणूस उभा दिसला असता, बास. जे काही होतं ते आवाजात होतं. आणि जिवंत माणसाचा आवाज आला तर आपण चार प्रश्न विचारतो, कुठे होतास, एवढा उशीर का. गेलेल्या माणसाचा आवाज आला तर कुणी काही विचारत नाही. दार उघडतं. म्हणून त्याला मेलेल्यांचे कपडे लागायचे.

न धुता ते वर जमा करायचे, असा हुकूमच होता. शहरातले मोठेमोठे लोक कधीच दार उघडून बसले होते, त्यामुळे हुकमावर सह्या करायला माणसांची वाण नव्हती. त्याने नेलेली माणसं हातात टोपल्या घेऊन घरोघरी फिरायची आणि मळके कपडे उचलायची. टोपलीवाले कुणाच्या अंगाला हात लावत नसत. माणसं न्यायचं काम वरच्याने स्वतःकडे ठेवलं होतं.

या सगळ्याला लाँड्रीचं उत्तर एकच, उकळतं पाणी. हॉटेलच्या चादरी आणि मेलेल्यांचे कपडे एकाच भट्टीत पडायचे, धुण्याचा सोडा टाकून आई ते लाकडी दांडक्याने तळापासून ढवळायची, आणि बाहेर यायचे ते कुणाचेच नसलेले कपडे. लाँड्रीतल्यांचे स्वतःचे कपडे रोजच्या रोज उकळले जायचे. त्यामुळे चिमटीचा आवाज कधी खोटा असणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. शहरात डोळे मिटून ज्याला दार उघडावं असा तेवढा एकच आवाज उरला होता.

दादा या बाबतीत फार कडक. लोक गयावया करायचे, एवढी एकच वस्तू राहू द्या. एका आजीने नवऱ्याची टोपी छातीशी धरली होती, ती त्याने बोटं सोडवून काढून घेतली. चिमटी त्या दिवशी घरी येईपर्यंत त्याच्याशी भांडली, तुला काळीज आहे की नाही म्हणाली. त्याने हातगाडी ढकलता ढकलता एवढंच सांगितलं की आज टोपी ठेवली तर उद्या टोपीच येऊन दार वाजवील.

मग आई गेली. वर्षानुवर्षं वाफ आणि सोडा छातीत घेऊन दुसरं काय होणार. थंडीत खोकला वाढला आणि एका सकाळी ती भट्टी पेटवायला उठलीच नाही. या वेळी कुणाला निरोप धाडायचा नव्हता. लोकांच्या घरी दगडासारखा वागणारा दादा मागच्या पायरीवर जाऊन बसला. त्याला आईच्या कपड्यांकडे बघवेना. तू कर, एवढंच तो चिमटीला म्हणाला.

तिने केलं. साड्या, पोलकी, टॉवेल, पांघरूण, सगळं एकेक करून उकळत्या पाण्यात सोडलं. शेवटी हातात स्वेटर राहिला. आईने स्वतः विणलेला, मातकट रंगाचा, एका बाहीला इस्त्रीचा चटका बसलेला. लोकर भट्टीत टाकली की आटते, गठ्ठा होतो, बाहेर येतो तो बाहुलीच्या मापाचा जाड तुकडा. लोकर कधी उकळायची नाही हे तिला आईनेच शिकवलं होतं. आता खरं कारण लोकर होती की स्वेटरला येणारा वास, हे तिचं तिला ठाऊक. तिने तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबला, झाकण घट्ट लावलं आणि डबा सोड्याच्या पोत्यांमागे सरकवला. दादाने विचारलं, "सगळं उकळलंस?" ती म्हणाली, "सगळं."

अधूनमधून ती पोत्यांमागे जायची, झाकण किंचित उचलायची, नाक खुपसायची आणि लगेच बंद करायची. घाम, सोडा, जळकी लोकर, आणि त्याखाली नुसती आई. दर वेळी वास थोडा कमी व्हायचा हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग? एका दुपारी आत्या आणि दादा बाहेर गेले होते, भट्टीपाशी ती एकटी होती, आणि तिला आई इतकी हवीशी झाली की तिने तो स्वेटर अंगात घातला. तसाच घालून ती दुपारभर ढवळत राहिली. काढून नाकाला लावला तेव्हा त्याला तिच्याच घामाचा वास येत होता. आई कुठेतरी खाली, पुसट. आपल्याच हाताने घालवली, असं म्हणून ती ढसाढसा रडली आणि स्वेटर पुन्हा डब्यात ठेवला. तरी उकळला नाहीच.

टोपलीवाले आले ते सकाळच्या कामाच्या वेळी. त्यांच्यातला एक पूर्वी चिमटीच्या शाळेत गणित शिकवायचा, तिला गणितापेक्षा गप्पा जास्त येतात म्हणायचा. त्याने तिच्याकडे खुर्चीकडे बघावं तसं बघितलं आणि पोती ओढायला लागला. डबा निघाला. त्याने झाकण उघडलं, हुंगलं, डबा टोपलीत ठेवला आणि सगळे निघून गेले. दादा गाडी घेऊन बाहेर होता, आत्या पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होती. दोघांनाही काही कळलं नाही.

सांगायला हवं होतं. तोंडाचा एवढा पट्टा चालवणारी मुलगी, पण त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटेना. दादाने आजीच्या हातून टोपी काढून घेतली होती, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने मनाशी ठरवलं की दाराशी आपणच बसायचं, म्हणजे आवाज आला तर पहिल्यांदा आपल्याला येईल. ती स्टूल ओढून दाराजवळ बसली आणि तिथेच घड्या घालायला लागली. आत्या म्हणालीसुद्धा, आज स्वारी दारात का, कुणी यायचंय वाटतं. चिमटीने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

संध्याकाळी आत्याने स्टोव्हवर भांडं चढवलं होतं, दादा हात धूत होता. दाराला खालून पायाची एक धडक बसली. कपड्यांची बोचकी दोन्ही हातांत असली की आई अशीच दार वाजवायची.

"चिमटे, दार उघड गं. हात भरलेत माझे."

चिमटीचा हात कडीवर गेला होता, खोटं कशाला सांगा. तिथेच थांबला, कारण तिला डबा माहीत होता. दादाला माहीत नव्हता. सगळं उकळलं हे त्याला बहिणीने सांगितलं होतं, आणि सगळं उकळलं असेल तर हा आवाज वरच्याचा असूच शकत नव्हता. ओल्या हातांनी तो धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद चिमटीने लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"सरक," तो म्हणाला. "आई आलीये."

"ती आई नाही. मी स्वेटर उकळला नव्हता, दादा. ठेवला होता मी. ते लोक घेऊन गेले."

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तिला खांद्याला धरून बाजूला ढकललं. ती परत कडीपुढे आली. बाहेर आई म्हणत होती, उघड ना रे, किती वेळ उभी राहू. दादा रडत होता आणि तिची बोटं कडीवरून सोडवत होता, त्या आजीची सोडवली होती तशीच. आणि मग बाहेरचा आवाज मध्येच चिरकला. आईचं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि त्याच दमात पुढचं आलं ते चिमटीच्या आवाजात. "दादा, दार उघड ना. किती वेळ लावतोस?"

दादाने समोर पाहिलं. चिमटी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. त्याचे हात खाली आले. बाहेर थोडा वेळ कधी आई, कधी ती, असं बोलणं चालू राहिलं. नंतर पावलं दूर गेली. आत्याने स्टोव्ह बंद केला, येऊन चिमटीच्या एक मुस्काटात ठेवून दिली आणि मग तिला पोटाशी धरलं. दादा त्या रात्री जेवला नाही.

खरी भीती त्यांच्या लक्षात आलीच नाही. तिघंही सुटलो सुटलो म्हणत होते. आईचा आवाज आता ओळखीचा झाला, त्याला कुणी फसणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात. वरच्याच्या हाती दुसरा कुणाचा आवाज लागला होता, ते कळायला घड्याळजीचं घर जावं लागलं.

घड्याळजीची बायको गेली. दुपारी निरोप आला, दादा आणि चिमटी गाडी घेऊन निघाले. घड्याळजीच्या गल्लीच्या तोंडाशी तो स्वतःच समोरून येत होता. डोळ्याला लावायचं भिंग अजून कपाळावर चढवलेलं, आणि त्याखालचे डोळे रिकामे. चिमटीने हाक मारली. तो शेजारून निघून गेला. दोघं जिना चढून वर गेले तर दार बंद. चिमटीने थाप मारली आणि सवयीने म्हणाली, "मी लाँड्रीतली. कपडे न्यायला आलेय."

आत घड्याळजीची मुलगी होती, चिमटीच्याच वयाची, शाळेत एका बाकावर बसलेली. ती दाराला अगदी खेटून बोलली असावी, कारण आवाज हळू होता तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"मघाशीही तू हेच म्हणालीस. बाबांनी तुझा आवाज ऐकून दार उघडलं. ते गेले आणि मी परत कडी लावून घेतली."

चिमटी पायरीवर बसली. टोपीची आजी, हॉटेलवाले, पलीकडच्या गल्लीतली बाळंतीण, शहरभर तिच्या एका हाकेला कड्या निघायच्या. आजवर एवढी बडबडली ती, त्या प्रत्येक शब्दाने वरच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. दादा म्हणाला की आपण सांगू सगळ्यांना, काहीतरी खूण ठरवू, आत शिरताना विचारायचा शब्द ठरवू. ती नाही म्हणाली. शब्द कुणाच्याही कानावर पडतो.

"दारोदार जा," ती म्हणाली. "सांग, चिमटी आता बोलत नाही. माझा आवाज आला तर उघडू नका. कधीच उघडू नका."

ही तिची शेवटची वाक्यं. आज लाँड्रीत गेलात तर तिच्या केसांत पांढरं दिसेल, भट्टीपाशी तीच उभी असते, आणि गिऱ्हाइकाला काय हवं-नको ते भुवयांनी विचारते. आत्या जाईपर्यंत तिच्यामागे लागली होती की घरात तरी बोल, भिंतींना काय कळतंय. दादा अजून कधीतरी तिच्याशी मुद्दाम भांडण काढतो, त्याला वाटतं की चिडून एखादा शब्द निसटेल. ती हसते आणि कामाला लागते. पण त्या दुपारी हे आयुष्यभराचं काही ठरलेलं नव्हतं. त्या दुपारी दादा धावत गेला आणि ती दाराला पाठ लावून पायरीवर बसून राहिली, कारण आतल्या मुलीपाशी तिच्या आईचे न धुतलेले कपडे होते, आणि ते न्यायला वरचा परत येणार हे उघड होतं.

तो आलाच. जिना चढताना त्याला धाप लागत होती. टक्कल, खाली ओघळलेले गाल, आणि अंगात आईचा स्वेटर. बाह्या तोकड्या पडत होत्या, मनगटं उघडी होती. ज्याच्या नावाने शहर थरथर कापायचं तो हा. चिमटीला एकदम ओरडून अंगावर धावून जावंसं वाटलं, पण तोंड उघडलं असतं तर आतल्या मुलीला बाहेरून एकच आवाज दोनदा ऐकू आला असता आणि त्यातला खरा कुठला हे तिला कळलं नसतं. तिने दाराला पाठ आणखी घट्ट लावली.

तो तिच्या डोक्यावरून दाराशी बोलला, तिच्याच आवाजात. मी लाँड्रीतली, घाबरू नकोस, उघड. आपला आवाज बाहेरून असा येतो हे तिला माहीत नव्हतं. किती विश्वासू वाटत होता. कडी हलली नाही. मग त्याने खाली तिच्याकडे पाहिलं, स्वेटरची कॉलर नाकापर्यंत ओढून खोल श्वास घेतला आणि आई बोलायला लागली.

"केस बांध आधी, भट्टीत जातील. जेवलीस का? हळू बोल गं जरा."

चिमटीला कानांवर हात ठेवता आले असते. तिने ठेवले नाहीत. प्रत्येक शब्दागणिक स्वेटरमधला वास उडत होता, हे कपडे धुणाऱ्या मुलीला कुणी सांगायला नको. हे संपलं की आई कुठेच उरणार नव्हती, शहरात नाही, डब्यात नाही, या माणसाच्या घशातही नाही. ती वर तोंड करून ऐकत राहिली, डोळ्यांतून धारा लागलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. एकदा मला आई म्हणून हाक मार गं, एवढं मात्र आई म्हणाली नाही, तसं काही त्याच्याकडे नव्हतं, त्याच्याकडे फक्त रोजचं होतं. जेवलीस का. हळू बोल. हात भरलेत माझे. मग नुसता खोकला. मग तोही नाही.

वरच्याने पुन्हा तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही, आईचा नाही, चिमटीचा नाही, त्याचा स्वतःचाही नाही. तो दोनतीनदा घसा खाकरल्यासारखं करून पाहत होता आणि काही ऐकू येत नव्हतं. दमलेला माणूस उतरतो तसा कठड्याला धरून तो जिना उतरत गेला. दुसरे कपडे, दुसरा आवाज शोधायला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वेटर काढला नाही आणि तिनेही मागितला नाही.

त्याची पावलं खाली गल्लीत विरली. मग आतून मुलीने विचारलं, "कोण आहे बाहेर?"

चिमटी उठून उभी राहिली. आता तिचा आवाज तिच्या एकटीचा होता. मी आहे गं, एवढंच म्हणायचं, घशापर्यंत आलेलं होतं ते. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलली नाही.

"कोण आहे?" मुलीने पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. मुलगी दारापलीकडे श्वास रोखून ऐकत असावी. "तो असता तर बोलला असता," ती स्वतःशीच म्हणाली, आणि कडी काढली.